गाडीत ट्रकचे इंजिन : बयाणा घेण्याआधीचा हिशेब

कारंज्याच्या बुजुर्ग मंडळींनी एक इंजिनबदल डोळ्यांनी पाहिला आहे. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरची शकुंतला गाडी १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन ओढत असे. १५ एप्रिल १९९४ रोजी ते निवृत्त झाले आणि डिझेल इंजिन आले. डबे तेच, रूळ तेच, पुढचे इंजिन दुसरे. काम सरळ होते. मोटारीत मात्र इंजिन बदलले की गिअरबॉक्सपासून ब्रेकपर्यंत सगळ्याचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

आपल्या गॅरेजवाल्या बंधूंकडे अधूनमधून एखादा हौशी गिऱ्हाईक येतो. जुनी कॉन्टेसा घेतली आहे, तिच्यात टाटा ४०७ चे इंजिन बसवून द्या, म्हणजे गाडी उडेल, असे त्याचे म्हणणे असते. कॉन्टेसा ही काही खरी स्पोर्ट्स कार नव्हे, पण रुबाब तसाच. हिंदुस्तान मोटर्सने १९८४ साली ती आणली तेव्हा आत अॅम्बेसेडरचेच १४८९ सीसीचे इंजिन होते आणि त्या जड बॉडीला ते कमी पडे. पुढे कंपनीने इसुझूचे १८१७ सीसीचे पेट्रोल इंजिन दिले. पण नुसते इंजिन दिले नाही, सोबत पाच गिअरचा बॉक्सही दिला. हा मुद्दा मिस्त्रींनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

आता ४०७ चे इंजिन घ्या. सुमारे तीन लिटरचे, ताकदवान, पण ओझे ओढण्यासाठी बनलेले. त्याचे फेरे मिनिटाला तीन हजारांच्या आसपास संपतात. समजा, गाडीच्या क्राऊन-पिनियनचे प्रमाण चारास एक आहे आणि चाकाचा घेर दोन मीटर. टॉप गिअरमध्ये इंजिनचे ३००० फेरे म्हणजे चाकाचे ७५०. ७५० गुणिले दोन म्हणजे मिनिटाला १५०० मीटर, तासाला ९० किलोमीटर. बस्स! पाच हजार फेरे घेणारे पेट्रोल इंजिन त्याच क्राऊनवर हिशेबाने दीडशेपर्यंत जाते, अर्थात तेवढी ताकद असेल तर. म्हणजे इंजिन दुप्पट मोठे आणि गाडी आधीपेक्षा हळू! क्राऊन साडेतीनास एकचा मिळवला तरी वेग १०३ च्या आतबाहेर. शिवाय टॉर्क वाढल्याने जुनी क्लच प्लेट घसरते, प्रोपेलर शाफ्टचे जॉईंट आणि एक्सल तुटतात.

वजनाचा प्रश्न वेगळाच. पुढचा भाग जड झाला की स्प्रिंग बसतात, स्टिअरिंग जड होते आणि मूळ ब्रेक अपुरे पडतात. कारंज्यातून समृद्धी महामार्गावर चढता येते. तिथे अशा गाडीचे ब्रेक लागले नाहीत, तर जीव कुणाचाही जाऊ शकतो.

मग अमेरिकेत हे कसे जमते, असे तरुण कारागीर विचारतात. तिथे शेवरलेच्या पिकअप ट्रकचे ५.३ लिटरचे व्ही-८ इंजिन भंगारातून काढून लहान स्पोर्ट्स गाड्यांत सर्रास घालतात. पण ते पेट्रोलचे आहे आणि त्याच कंपनीच्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचा सख्खा भाऊ आहे. ट्रकसाठी ब्लॉक लोखंडी, कारसाठी अॅल्युमिनियमचा, एवढाच मुख्य फरक. गिअरबॉक्सचे बोल्ट जुळतात. खालचे तेलाचे चेंबर आणि वरचा उंच इनटेक तेवढा बदलावा लागतो. आपल्या डिझेल ट्रकचे इंजिन आणि कार यांच्यात असे नाते नाही.

यंत्राचा हिशेब कुशल कारागीर जुळवूनही आणील. कागदांचा मात्र जुळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाहून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ९ जानेवारी २०१९ रोजी हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्या रूपात आले. त्यात मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. नियमबाह्य बदल केलेली गाडी विकणाऱ्या डीलरला एक वर्षापर्यंत कैद, किंवा गाडीमागे एक लाख दंड, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयते कारण मिळते ते वेगळेच.

गिऱ्हाईक म्हणेल, ते माझे मी पाहीन. पण ही गाडी उद्या तिसऱ्याच माणसाला विकली जाईल. मालातला ऐब लपवून विकणे आपल्या शरीयतमध्ये जायज नाही, हे कोणा व्यापाऱ्याला सांगायला नको. तो ऐब आपल्याच हाताने घडवून द्यायचा का, याचा विचार बयाणा हातात पडण्याआधी व्हावा.

इंजिन खरोखरच गेले असेल, तर त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन परिवहन कार्यालयाच्या मंजुरीने बसवता येते. नवा नंबर आरसी बुकात चढवून घ्यावा. भंगार बाजारातून इंजिन घेताना विकणाऱ्याचे पक्के बिल मागावे आणि त्यावर इंजिन नंबर लिहून घ्यावा, नाहीतर चोरीच्या गाडीचे इंजिन आपल्या गॅरेजात सापडायचे. काढलेले जुने इंजिन गिऱ्हाईकाची अमानत आहे. ते परत दिल्याची सही घ्यावी, किंवा मजुरीत वळते केले असेल तर ती रक्कम बिलावर स्पष्ट दाखवावी.