सुगंधी चहा : एक आस्वाद

छंद म्हटला की पोस्टाची तिकिटे, नाणी, फार तर काड्यापेट्यांवरची चित्रे आपल्या डोळ्यांपुढे येतात. चहा पिणे हाही छंद होऊ शकतो असे सांगितले, तर कँटीनमधील मित्रमंडळी म्हणतील की तो आम्हांला केव्हाचाच जडला आहे. परंतु दिवसाकाठी सहा कप रिचवणे वेगळे आणि एका कपात काय काय आहे ते ओळखता येणे वेगळे. पहिल्या प्रकाराला सवय म्हणतात. प्रस्तुत लेखाचा विषय दुसरा प्रकार हा आहे. आणि त्यातही ज्या चहाला पानाखेरीज दुसऱ्या एखाद्या गंधाची सोबत मुद्दाम दिलेली असते, त्या चहाचा.

या सोबतीविषयीचा वाद फार जुना आहे. आठव्या शतकात चीनमध्ये लू यू नावाच्या पंडिताने चहावर एक ग्रंथ लिहिला. त्या काळी लोक चहात कांद्याची पात, आले, संत्र्याची साल, पुदिना असे काय काय घालून उकळत. लू यूला हे मुळीच मान्य नव्हते. असल्या चहाची गणना त्याने गटारातल्या पाण्यात केली. चिमूटभर मीठ मात्र त्याला चालत असे! त्याचा आक्षेप एकदम झटकून टाकण्यासारखा नाही. सोबत पानाला उठाव देते की त्याला झाकून टाकते, हाच खरा प्रश्न आहे. पण त्याचे उत्तर सरसकट न देता कपागणिक द्यावे लागते, आणि ते देता येणे म्हणजेच आस्वाद.

त्यासाठी जिभेची थोडी ओळख हवी. आपल्या पूर्वसूरींनी सहा रस मानले : मधुर, आम्ल, लवण, कटु, तिक्त व कषाय. (येथे मराठी माणसाची हमखास फसगत होते. संस्कृतातील कटु म्हणजे आपले तिखट आणि तिक्त म्हणजे आपले कडू.) चहाच्या पानाचा खास रस म्हणजे कषाय, म्हणजेच तुरट. आधुनिक शरीरशास्त्र तुरट आणि तिखट यांना चवी मानत नाही. ती स्पर्शासारखी, तोंडातील त्वचेला होणारी जाणीव आहे असे ते सांगते. आणि सुगंध तर जिभेला कळतच नाही. घोट घेताना घशामागून वाफ नाकात चढते, तेव्हा तो कळतो. म्हणूनच चहाचे व्यावसायिक परीक्षक मोठ्याने भुरका मारतात. बशीत ओतून भुरके मारणारे आपले आजोबा या शास्त्रात आपल्या पुढे होते, असेच म्हणावे लागेल.

सुगंधी चहातील श्रेष्ठ उदाहरण म्हणून चीनच्या फूच्यान प्रांतातील फूचौ शहराच्या जाईच्या चहाचे नाव घ्यावे लागते. इंग्रजीच्या आधाराने आपण त्याला जाईचा चहा म्हणतो खरे, पण त्यासाठी वापरतात ते फूल म्हणजे आपला मोगरा. उन्हाळ्यात दुपारी टपोऱ्या कळ्या खुडतात. रात्री त्या उमलू लागल्या की हिरव्या चहाच्या पानांत मिसळून ठेवतात. रात्रभरात पान गंध पिऊन घेते, पण त्याबरोबर ओलावाही घेते. म्हणून सकाळी फुले चाळून काढतात व पान पुन्हा सुकवतात. उंची चहासाठी हाच क्रम ताजी फुले घेऊन अनेक रात्री चालतो. म्हणजे कपात गंध आहे, पण फूल नाही. वाळक्या पाकळ्या भरपूर दिसल्या की चहा उत्तम, असे समजण्याचे कारण नाही; त्या बहुधा शोभेपुरत्याच असतात. पान असे गंधलोभी असल्यामुळेच आपल्या घरी चहाचा डबा हिंगाशेजारी ठेवू नये.

आता आपल्या आले-वेलदोड्याच्या चहाकडे वळू. त्याला नाके मुरडण्याची एक पद्धत आहे, ती आम्हांला पटत नाही. आपला रोजचा चहा दाणेदार. ही यंत्रपद्धती १९३० च्या दशकात आसामात सुरू झाली, आणि तिने रंग व कडकपणा चटकन उतरतो. त्यावर दूध पडले की दुधातील प्रथिने तुरटपणाला बांधून ठेवतात. अशा भारदस्त पण काहीशा मुक्या झालेल्या पेयाला वेलदोडा आवाज देतो. मात्र तो शेवटी ठेचून टाकावा, नाहीतर त्याचा वास वाफेबरोबर स्वयंपाकघरभर पसरतो आणि कपात उरत नाही. याउलट आले आधी पाण्यात उकळावे. ताज्या आल्यात दूध नासवणारे एक विकर असते, ते उकळीने निकामी होते. सुंठ आल्याहून झणझणीत लागते, कारण वाळताना आल्यातील तिखट द्रव्याचे त्याहून तिखट द्रव्यात रूपांतर होते. पण लवंग, मिरी, दालचिनी, जायफळ सगळेच एकदम लोटले, तर लू यूची बाजू घ्यावीशी वाटते. काश्मिरी कहव्यात केशर, दालचिनी, वेलदोडा व बदाम असूनही त्यात दूध नसते, त्यामुळे हिरवे पान त्या गर्दीतही ओळखू येते.

परीक्षेसाठी साधन अगदी थोडे लागते. १९८० साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा, आणि झाकून ६ मिनिटे. हे तुलनेसाठी आहे. पिण्यासाठी निम्मा वेळ पुरे. हिरव्या पानाला तर उकळते पाणी घालूच नये, ते कडवट होते. बर्गमॉट या इटलीतील लिंबूवर्गीय फळाच्या सालीचे तेल लावलेला ‘अर्ल ग्रे’ घेऊन पाहावा. पहिला घोट नुसता सुगंधाचा असतो, पण गार होत आलेल्या शेवटच्या घोटात खालचे पान चांगले की सुमार ते उघडे पडते. बाजारातील कृत्रिम अर्काच्या पुष्कळशा पुड्या याच शेवटच्या घोटाला नापास होतात.

ज्याला एक पैसाही खर्च करायचा नाही, त्याच्यासाठी परसातला गवती चहा आहे. नावात चहा असला तरी हे गवत; चहाच्या झुडपाशी त्याचे काही नाते नाही. सर्दीच्या काढ्यात आपण त्याला औषध करून टाकले आहे, आणि चव घेण्यासाठी म्हणून त्याच्याकडे क्वचितच पाहतो. दोन पाती कातरून कपभर गरम पाण्यात पाच मिनिटे झाकून ठेवावीत. मग नाक चिमटीत धरून एक घोट घ्यावा : नुसते ऊन पाणी. घोट तोंडात असतानाच चिमटी सोडावी. लिंबाच्या सालीसारखा जो गंध एकदम उसळतो, तो त्या पात्यातल्या सिट्रल नावाच्या द्रव्याचा. हेच पाणी हलक्या कोऱ्या चहात निम्मे-निम्मे मिसळून पुन्हा प्यावे, आणि तुरटपणा कोठे संपतो व गवत कोठे सुरू होते ते शोधत बसावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते सापडू लागते.