गाडीच्या पोटाला कोटिंग: डबा निवडायच्या आधी चार प्रश्न

आजचा धडा वरवर गॅरेजचा वाटेल, पण आहे धंद्याचा. मासळी, आंबा, दूध, केटरिंग, काहीही असो, आपल्यातल्या बऱ्याच जणांची सगळ्यात महाग वस्तू म्हणजे दारातली व्हॅन किंवा पिकअप. इंजिन बिघडलं तर दुरुस्त होतं. पण खालचा पत्रा सडला की गाडीची किंमतही जाते आणि सुरक्षितताही. म्हणून घरच्या घरी अंडरकोटिंग करायचं असेल तर "कुठला डबा चांगला?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी हे चार प्रश्न.

पहिला प्रश्न: गाडी चालते कुठे?

लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आले की गंज. त्यात मीठ आलं की पाणी वीज जास्त चांगली वाहून नेतं आणि गंजाचा वेग वाढतो. रत्नागिरी, मालवण, अलिबागच्या गाड्यांना खारी हवा मिळते. मासळीच्या गाडीला तर आतूनही मीठ मिळतं, कारण बर्फाचं खारट पाणी फ्लोअरच्या सांध्यांतून खाली झिरपतं. अशा गाडीला नुसतं खालून कोटिंग करून भागणार नाही. आधी आतली गळती बंद करा. याउलट गाडी खडीच्या कच्च्या रस्त्यावर चालत असेल, तर तिचा खरा शत्रू दगडाचा मार. शत्रू वेगळा, तर औषधही वेगळं.

दुसरा प्रश्न: पत्र्याची आजची अवस्था काय?

गाडी वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर चढवा, चिखल काढा आणि मोठ्या स्क्रूड्रायव्हरने ठिकठिकाणी टोचून बघा. तीन अवस्था दिसतील.

1. रंग शाबूत आहे: साफ करा, वाळवा, कोटिंग करा.
2. वरवरचा तांबूस गंज आहे: सुटणारे पापुद्रे वायर ब्रशने काढा, मग रस्ट कन्व्हर्टर लावा. त्यातलं टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल चिकटून राहिलेल्या पातळ गंजाचं स्थिर थरात रूपांतर करतं. जाड पापुद्र्यांवर मात्र त्याचा उपयोग नाही.
3. टोचा आरपार गेला: इथे कोटिंग नाही, वेल्डिंग. चेसिस, सस्पेन्शनची जोडणी किंवा सीटबेल्टचा अँकर असेल, तर जाणकार मेकॅनिकला दाखवल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. भोकावर काळा थर मारला की गाडी नवी दिसते, पण मजबूत होत नाही.

तिसरा प्रश्न: दरवर्षी खाली वाकायची तयारी आहे का?

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात.

*डांबर किंवा रबर बेस.* जाड थर बसतो, दगडाचा मार सोसतो, आवाजही कमी होतो. नव्या, स्वच्छ पत्र्यासाठी चांगला. धोका एकच: काही वर्षांनी थर कडक होऊन तडकला की फटीतून पाणी आत जातं आणि तिथेच अडकतं. वरून सगळं काळं, छान. आत पत्रा सडतोय. म्हणून हा प्रकार "लावला आणि विसरलो" असा नाही.

*मेण किंवा लॅनोलिन बेस.* लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतला स्निग्ध पदार्थ. थर मऊ राहतो, तडकत नाही, सांध्यांत शिरतो. जुन्या, थोडा गंज धरलेल्या गाडीला बहुतेकदा हाच बरा. पण पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आणि दगडांनी झिजतो, धूळ धरतो. वर्षातून एकदा पुन्हा हात मारावा लागतो.

*इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन.* सगळ्यात टणक. पण पत्रा पूर्ण साफ हवा, मिश्रणाचं प्रमाण अचूक हवं. घरच्या घरी जमिनीवर झोपून करायचं काम हे नव्हे.

आणि चौथा, आपला "गावठी" प्रकार: जळकं इंजिन ऑइल. फुकट मिळतं म्हणून लावू नका. त्यात आरोग्याला घातक घटक असतात, ते जमिनीत ठिबकतं, रबरी बुश खराब करतं आणि पुढे त्यावर दुसरं कोटिंग धरत नाही.

चौथा प्रश्न: डब्याचा भाव की थराचा भाव?

आता खरा धंद्याचा मुद्दा. एक सोपं सूत्र लिहून घ्या: 1 चौरस मीटरवर 1 मायक्रॉन थर म्हणजे 1 मिलिलिटर सुका माल.

समजा, छोट्या व्हॅनचं पोट 5 चौरस मीटर आणि हवा असलेला सुका थर 500 मायक्रॉन. म्हणजे 2,500 मिलि, अडीच लिटर सुका माल. पण डब्यातलं सॉल्व्हेंट उडून जातं. उरतं किती, ते माहितीपत्रकात "व्हॉल्यूम सॉलिड्स" या आकड्यात दिलेलं असतं. दुकानदाराकडे तो मागा. उदाहरणापुरते भाव धरू:

- डबा अ: 600 रुपये लिटर, सॉलिड्स 40 टक्के. लागणार 6.25 लिटर, म्हणजे 7 डबे. खर्च 4,200.
- डबा ब: 800 रुपये लिटर, सॉलिड्स 65 टक्के. लागणार साधारण 3.85 लिटर, म्हणजे 4 डबे. खर्च 3,200.

महाग डबा हजाराने स्वस्त पडला! थोडी नासाडी धरून जास्तीचा माल घ्या, पण हिशेब असाच करायचा. हाच नियम रंगाला, फिनाईलला, मसाल्याच्या अर्कालाही लागू आहे.

लावताना हे पाळा

- गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली कधीही शिरू नका. सपाट कडक जमीन, चाकाला अडण आणि मजबूत स्टँड हवेतच.
- धुतल्यावर सांधे पूर्ण वाळू द्या. ओल्या पत्र्यावर कोटिंग म्हणजे पाणी आत कोंडणं.
- सायलेन्सर, ब्रेक डिस्क, कॅलिपर, सेन्सर, शॉकॉब्सॉर्बरचा दांडा, रबरी बुश झाका. गाडी सीएनजी असेल तर टाकी, व्हॉल्व्ह आणि पाइपवर फवारा नको.
- पाणी निचऱ्याची छिद्रं बुजवू नका.
- मोकळ्या हवेत काम करा, मास्क आणि चष्मा लावा. बिडी-सिगारेट, ठिणगी लांब.
- गाडी वॉरंटीत असेल तर अटी आधी वाचा.

वेळ कधीची? कोकणात एप्रिल-मे, म्हणजे मृगाच्या आधी थर नीट वाळतो. आणि दसऱ्याला गाडीला हार घालतोच, तेव्हा एकदा खाली बॅटरी मारून बघायचं. तडा, फुगा दिसला तर तेवढा भाग खरवडून लगेच दुरुस्त करा.

आजचा गृहपाठ

या आठवड्यात गाडी रॅम्पवर चढवा आणि मोबाइलवर पोटाचे दहा फोटो काढा: चारही चाकांच्या कमानी, फ्लोअरचे सांधे, चेसिसचे दोन्ही बाजूंचे बीम. तारखेसह जपून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच जागांचे फोटो काढून शेजारी ठेवा. कोटिंगने काम केलं की नाही, ते डब्यावरच्या जाहिरातीपेक्षा हे फोटो खरं सांगतील. भेटूया पुढच्या धड्यात!