आपले लिखाण, आपली जागा : संस्थेच्या संकेतस्थळावर वर्डप्रेस कसे बसवावे?



किनवट-माहूर भागातल्या वाड्या-गुड्यांवर चालणाऱ्या कामाची हकीकत आज साधारणपणे दोनच ठिकाणी सापडते. एक, तीन महिन्यांनी निघणारे छापील पत्रक; दुसरे, कार्यकर्त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप गट. पत्रक रद्दीत जाते, फोन बिघडतो किंवा बदलतो. दहा वर्षांनी एखाद्या गुड्यावरच्या तरुणाने विचारले, "आमच्या वस्तीवर पहिला हातपंप कधी बसला? रात्रशाळा कोणत्या साली सुरू झाली?" तर दाखवायला काही हाती राहत नाही. म्हणून या अंकातला पाठ स्वतःचे संकेतस्थळ उभे करण्याविषयी आहे. मंडळीतल्या तरुण संघाने शेजारी संगणक ठेवून तो वाचावा, आणि विश्वस्तांनीही वाचावा. कारण यातला महत्त्वाचा भाग संगणकाचा नसून जबाबदारीचा आहे.

१. जागा कोणाची?

मराठी मंडळीला हा प्रश्न नवा नाही. अमेरिकन मिशनने १९ व्या शतकाच्या आरंभीच मुंबईत स्वतःचा छापखाना घातला. पुढे १८४२ साली अहमदनगरहून (आजचे अहिल्यानगर) 'ज्ञानोदय' निघू लागला. स्वतःचे नियतकालिक असले की काय छापायचे, कोणत्या भाषेत छापायचे आणि जुने अंक कसे जपायचे, हे आपले आपल्याला ठरवता येते.

आता इंटरनेटवरची दोन उदाहरणे पाहू. ऑर्कुटवर हजारो मराठी माणसांनी वर्षानुवर्षे लिहिले, फोटो ठेवले. ३० सप्टेंबर २०१४ रोजी कंपनीने ते बंद केले आणि लोकांना आपले सामान गोळा करून निघावे लागले. याउलट 'मायबोली' हे संकेतस्थळ १९९६ पासून स्वतःच्या नावावर चालत आले आहे. पहिली जागा दुसऱ्याची होती, दुसरी स्वतःची. फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅप वापरू नये असे नाही. तिथे निरोप द्यावा. मूळ दप्तर मात्र आपल्या घरी असावे.

२. वर्डप्रेस म्हणजे काय?

वर्डप्रेस ही संकेतस्थळावर लेख, बातम्या व छायाचित्रे मांडण्याची संगणकप्रणाली आहे. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी ती मे २००३ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. आज जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे तिच्यावर चालतात. ती मुक्त परवान्याखाली मिळते. म्हणजे कोणीही ती विनामूल्य उतरवून घ्यावी, वापरावी, बदलावी आणि दुसऱ्याला द्यावी. तिचे पडदे मराठीतही उपलब्ध आहेत.

इथे एक गोंधळ टाळावा. 'वर्डप्रेस डॉट कॉम' ही सेवा आहे. तिथे तयार जागा मिळते, पण अटी घरमालकाच्या. 'वर्डप्रेस डॉट ऑर्ग' येथून मूळ प्रणाली मिळते. ती आपण आपल्या जागेत बसवतो. आपला पाठ या दुसऱ्या मार्गाचा आहे.

३. आधी लागणाऱ्या गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे नाव, यालाच डोमेन म्हणतात. 'डॉट ऑर्ग', 'डॉट इन' किंवा देवनागरीतले 'डॉट भारत' यांपैकी एक घ्यावे. नाव विकत मिळत नाही, ठरावीक वर्षांसाठी नोंदवले जाते. नूतनीकरण चुकले तर ते दुसरा कोणीही घेऊ शकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे जागा, म्हणजेच होस्टिंग. चोवीस तास चालू असणाऱ्या संगणकावरचा आपला कोपरा. तिथे पीएचपी आणि मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या सोयी हव्यात. बहुतेक कंपन्यांच्या साध्या योजनेत त्या असतात, तरी पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे.

या दोन्ही गोष्टी संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर घ्याव्यात. एखादा हौशी तरुण उत्साहाने आपल्या खात्यातून पैसे भरतो, नाव स्वतःच्या नावे नोंदवतो आणि दोन वर्षांनी नोकरीसाठी पुण्याला जातो. त्याचा हेतू चांगलाच असतो, पण किल्ल्या त्याच्याबरोबर जातात. जमिनीचा सातबारा जसा आपण पाहून घेतो, तशी डोमेनची नोंद कोणाच्या नावावर आहे हेही पाहून घ्यावे.

४. बसवण्याचे टप्पे

अनेक होस्टिंग कंपन्या एका बटणावर वर्डप्रेस बसवून देतात. तरीही हाताने कसे बसवतात हे एकदा करून पाहिले, तर पुढे बिघाड झाल्यावर भीती वाटत नाही.

(अ) होस्टिंगच्या नियंत्रण पडद्यावर (बहुधा सीपॅनेल) जाऊन एक रिकामा डेटाबेस तयार करा. त्यासाठी एक वापरकर्ता व कठीण पासवर्ड तयार करा, त्या वापरकर्त्याला या डेटाबेसशी जोडा आणि सर्व अधिकार द्या. डेटाबेसचे नाव, वापरकर्ता आणि पासवर्ड ही तीन नावे वहीत लिहून ठेवा.

(आ) वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून झिप फाइल उतरवा. फाइल मॅनेजरमधून ती मुख्य फोल्डरमध्ये चढवा आणि उलगडा. आत 'वर्डप्रेस' नावाचा फोल्डर दिसेल. त्यातले सगळे बाहेर मुख्य फोल्डरमध्ये हलवा.

(इ) आता ब्राउझरमध्ये आपले डोमेन उघडा. भाषा विचारली जाईल, 'मराठी' निवडा. मग वहीतली ती तीन नावे भरा. डेटाबेसचा पत्ता बहुधा 'लोकलहोस्ट' असतो.

(ई) संकेतस्थळाचे नाव, प्रशासकाचे नाव, पासवर्ड आणि ईमेल भरा. प्रशासकाचे नाव 'अ‍ॅडमिन' ठेवू नका. चोर आधी तेच नाव आजमावतात. काम अपुरे असेपर्यंत 'शोधयंत्रांना परावृत्त करा' या चौकटीत खूण ठेवा आणि काम पूर्ण झाल्यावर ती आठवणीने काढा. नाहीतर गूगलवर आपले पान सापडणार नाही.

(उ) सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र सुरू करा. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था ते विनामूल्य देते व पुष्कळ होस्टिंग कंपन्या ते आपोआप लावतात.

(ऊ) एक साधी थीम निवडा. प्लगइन मोजकेच ठेवा. प्रत्येक प्लगइन म्हणजे घराला आणखी एक दार. नवी आवृत्ती आली की लगेच घ्या. मोडतोड होते ती बहुधा जुन्या, न सुधारलेल्या प्लगइनमधून.

(ए) अधिकार वाटून द्या. वर्डप्रेसमध्ये 'योगदानकर्ता' लिहू शकतो, पण प्रसिद्ध करू शकत नाही. 'संपादक' तपासून प्रसिद्ध करतो. वसतिगृहाच्या शिक्षिकेला योगदानकर्ता करावे, एका जबाबदार व्यक्तीला संपादक. प्रशासक दोघेच असावेत. एकच नको आणि पाचही नकोत.

५. मराठीच्या खास अडचणी

छापील पत्रकाचा मजकूर बहुधा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेला असतो. तो तसाच चिकटवला तर पडद्यावर निरर्थक अक्षरे उमटतात. आधी तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि मग डोळ्यांनी वाचून पाहावा. जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात.

दुसरी अडचण दुव्याची. मराठी शीर्षकावरून वर्डप्रेस मराठीच दुवा बनवते. आतल्या आत प्रत्येक देवनागरी चिन्हाला ९ अक्षरे लागतात आणि मर्यादा २०० ची आहे. त्यामुळे साधारण २२ चिन्हांनंतर दुवा तुटतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यास टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ दिसते. प्रत्येक लेखाचा दुवा रोमन लिपीत, लहान आणि वर्षासह लिहावा.

तिसरी गोष्ट अडचण नसून संधी आहे. गोंडी आणि कोलामी या द्राविडी कुळातल्या भाषा, मराठीहून वेगळ्या. त्या देवनागरीत लिहून संकेतस्थळावर ठेवता येतात. गोंडीच्या स्वतःच्या दोन लिपीही युनिकोडमध्ये आल्या आहेत: मसराम गोंडी २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडी २०१८ मध्ये. गुंजाळा हे गाव किनवटला लागून असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यातलेच. आजीने सांगितलेली गोष्ट तिच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करून लेखाखाली ठेवली, तर ज्यांना वाचता येत नाही तेही आपल्या संकेतस्थळाचे श्रोते होतील.

गुड्यांवर नेटवर्क कमी असते, म्हणून चार-पाच एमबीचे फोटो चढवू नका. १२०० पिक्सेल रुंदीपर्यंत लहान करून चढवा.

६. हकीकत कोणाची?

संकेतस्थळ संस्थेचे असले, तरी त्यावरची जीवनकथा त्या माणसाची असते. पाठिंबा देणाऱ्यांना चेहरा पाहायला आवडतो, हे खरे. पण उपाशी दिसणाऱ्या मुलाचा फोटो एकदा चढला की तो मुलगा मोठा होऊन नोकरीच्या मुलाखतीला जाईल तेव्हाही सापडेल.

कायदाही स्पष्ट आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख पटेल असे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे.

तेव्हा तीन नियम पाळावेत. संमती त्यांच्या बोलीत समजावून घ्यावी; फोटो कुठे व कोणाला दिसेल हे फोनवर प्रत्यक्ष दाखवावे. संमती मागे घेतली तर कारण न विचारता फोटो काढावा. आणि फोनमधली जागेची नोंद बंद करूनच छायाचित्र घ्यावे, कारण फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश लपून जाऊ शकतात.

७. दुसरी प्रत दुसऱ्या गावी

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावेच्या गावे कोसळली. एकाच छपराखाली सगळे ठेवणे म्हणजे काय, हे आपल्या भागाला वेगळे सांगायला नको. संकेतस्थळालाही हाच न्याय लागू होतो. होस्टिंग कंपनी बुडू शकते, संकेतस्थळात घुसखोरी होऊ शकते.

वर्डप्रेसची प्रत दोन भागांची असते. लेख डेटाबेसमध्ये असतात. छायाचित्रे, थीम व प्लगइन फाइलींमध्ये. दोन्ही भाग घेतले तरच प्रत पूर्ण होते. दर महिन्याला एक प्रत नांदेडच्या कार्यालयात आणि दुसरी लातूरला, वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवावी. वर्षातून एकदा त्या प्रतीवरून संकेतस्थळ पुन्हा उभे करून पाहावे. उघडून न पाहिलेली प्रत ऐन वेळी उघडेलच असे नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या संस्थेचे डोमेन कोणाच्या नावावर आहे? नूतनीकरणाची तारीख वार्षिक सभेच्या कार्यपत्रिकेत आहे का?

२. प्रशासकाचा पासवर्ड आज किती जणांकडे आहे? त्यांतले किती जण अजून आपल्यासोबत आहेत?

३. गेल्या तीन अंकांतले फोटो समोर ठेवा. त्यांतल्या प्रत्येकाची संमती आपण दाखवू शकतो का?

४. जुन्या पत्रकांपैकी कोणते अंक आधी युनिकोडमध्ये आणावेत?

पुढच्या बैठकीत पहिल्या प्रश्नापासून आरंभ करावा. त्याचे उत्तर पाच मिनिटांत मिळाले नाही, तर वर्डप्रेस बसवण्याआधी तेच काम हाती घ्यावे.