फायब्रोमायाल्जिया : अंगदुखी आणि मनःस्वास्थ्य

सर्वांग दुखते, रात्रभर झोपूनही थकवा जात नाही. रक्ततपासणी आणि क्ष-किरण चित्र मात्र निर्दोष. अशा रुग्णाला "तुम्हाला काही झालेले नाही" असे सांगून परत पाठविले जाते आणि घरी "सगळे मनाचे खेळ" हे ऐकावे लागते. यांपैकी काहींना फायब्रोमायाल्जिया हा विकार असतो. स्त्रियांमध्ये त्याचे निदान अधिक प्रमाणात होते.

१९०४ साली सर विल्यम गॉवर्स यांनी या प्रकारच्या दुखण्यास 'फायब्रोसायटिस', म्हणजे तंतुमय ऊतींचा दाह, असे नाव दिले. दाह काही सापडेना; तेव्हा १९७६ मध्ये 'फायब्रोमायाल्जिया' हे आजचे नाव पुढे आले. दोष स्नायूंत नसून मज्जासंस्था वेदनेची संवेदना अवाजवी वाढविते, असे आता मानले जाते. १९९० च्या अमेरिकन निकषांनुसार शरीरावरील १८ ठरावीक बिंदूंपैकी किमान ११ ठिकाणी दाबल्यावर दुखणे आवश्यक होते. २०१० च्या निकषांत ही मोजदाद वगळून झोप, थकवा व विस्मरण यांना स्थान मिळाले. हे फार पूर्वी व्हावयास हवे होते.

या रुग्णांमध्ये नैराश्य व चिंताविकार सर्वसामान्यांपेक्षा बरेच अधिक आढळतात. म्हणून वेदना काल्पनिक ठरत नाही, आणि प्रत्येक रुग्ण मनोरुग्ण असतो असेही नव्हे. वेदनेने झोप मोडते, अपुऱ्या झोपेने वेदना तीव्र होते, कामे अडतात, मन खचते आणि खचलेल्या मनाला तीच वेदना असह्य वाटू लागते. त्यात कोणी विश्वास ठेवीत नाही हे दुःख वेगळेच. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी राहणे, कशातच रस न वाटणे, जगणे नकोसे झाल्याची भाषा येणे, ही लक्षणे अंगदुखीच्या खात्यावर टाकून चालणार नाही. त्यांवर स्वतंत्र उपचार लागतात.

औषधांच्या बाबतीत एक गैरसमज नेहमी आड येतो. अ‍ॅमिट्रिप्टिलीन किंवा ड्युलोक्सेटिन ही औषधे मूळची नैराश्यावरील. परंतु ती वेदनाही कमी करू शकतात. चिठ्ठी वाचून कोणी "ही वेडावरची गोळी" म्हणाले, की रुग्ण ती परस्पर बंद करतो. डॉक्टरांनी आरंभीच दोन वाक्यांत खुलासा केला तर हे टळेल. युरोपीय तज्ज्ञांच्या २०१६ च्या शिफारशींत सर्वाधिक भर आहे तो व्यायामावर. पहिल्या दिवशीच मैलभर चालून दुसऱ्या दिवशी अंथरूण धरण्यापेक्षा दहा मिनिटांनी आरंभ करून हळूहळू वाढ करणे इष्ट. विचार व वर्तन यांत बदल घडविणारी समुपदेशन पद्धतीही उपयुक्त ठरते.

१९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे झालेल्या पाहणीत सांधे व स्नायूंची दुखणी ही ग्रामीण भागातील मोठी तक्रार असल्याचे दिसून आले. त्यातील प्रत्येक दुखणे फायब्रोमायाल्जिया नव्हे. पण अशी तक्रार करणारी शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका कामचुकार ठरविली जाण्याचा धोका मोठा. मुख्याध्यापकांनी सलग उभे राहण्याचे तास विभागून दिले, वर्गात खुर्ची ठेवू दिली, तर खर्च काहीच येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे. २०२२ पासून सुरू असलेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून तेथे अहोरात्र मार्गदर्शन मिळते. ग्रामपंचायतीच्या फलकावर तो लिहिण्यास एक खडू पुरेसा आहे.