मैदान कोणी मारलं?

प्रश्न : आमच्या घरात सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो असे तीन पक्ष आहेत. ‘ई-थ्री’ प्रदर्शनात कोणत्या वर्षी कोण जिंकलं, यावरून मुलगा आणि भाचे अजूनही जेवताना भांडतात. तिथे सामना तर होत नसे. मग हारजीत ठरवायची कशी?
— एक त्रासलेली आई, नाशिक

उत्तर : ताई, सामना नव्हता म्हणूनच भांडण टिकलं. धावफलक असता तर पोरं केव्हाच गप्प बसली असती. लॉस एंजेलिसच्या या व्हिडिओ गेमच्या व्यापारी प्रदर्शनात प्रत्येक कंपनी आपली सभा भरवी आणि टाळ्या ऐकून लोक घरबसल्या निकाल लावत. मीही लावत असे. इतक्या पंचगिरीनंतर माझं मत असं, की तिथे सहसा कोणी जिंकत नसे. एकाची हार व्हायची आणि ती दुसऱ्याच्या गळ्यात पडायची, फुलांची होऊन.

पहिलंच प्रदर्शन घ्या, मे १९९५. तेव्हा मायक्रोसॉफ्ट कन्सोलच्या, म्हणजे गेम खेळायच्या यंत्रांच्या, धंद्यात नव्हती, सेगा होती. सप्टेंबरात येणारा आमचा ‘सॅटर्न’ कन्सोल आजच दुकानांत आलाय, किंमत ३९९ डॉलर, असा बार सेगाने उडवला. मोजक्याच दुकानांना माल मिळाला होता. बाकीचे दुकानदार भडकले ते वेगळंच. मग सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, ‘२९९’ म्हणाले आणि खाली उतरले. झालं भाषण! आपल्याकडच्या सत्कार समारंभांत हा नियम कोणी आणेल तर मी वर्गणी द्यायला तयार आहे.

हीच सोनी २००६ साली प्लेस्टेशन ३ घेऊन आली. किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर. तेवढ्यावर भागलं नाही. प्राचीन जपानात खरोखर झालेल्या लढायांवर आधारलेला म्हणून ‘गेन्जी’ हा गेम दाखवायला घेतला आणि पडद्यावर अवतरला एक महाकाय खेकडा. इतिहास तिथेच उलटा पडला. टोपलीतले खेकडे एकमेकांचे पाय ओढतात म्हणे. या एकट्याने अख्ख्या कंपनीचा ओढला. तिकडे निन्टेन्डोने आपल्या ‘वी’ कन्सोलची किंमतही सांगितली नव्हती, तरी दार उघडताच लोक तिच्या दालनाकडे धावत सुटले.

२०१३ साली पाळी मायक्रोसॉफ्टची. एक्सबॉक्स वन ४९९ डॉलरला, वापरलेला गेम दुसऱ्याला देण्यावर अटी, शिवाय दिवसातून एकदा इंटरनेटवर हजेरी. सोनीने त्याच दिवशी ३९९चा आकडा सांगितला आणि एक चित्रफीत काढली : गेम मित्राला कसा द्यावा? एक अधिकारी डबी पुढे करतो, दुसरा ती घेऊन आभार मानतो. संपलं. शेजारी वाटीभर साखर द्यायला याहून जास्त वेळ लागतो. नऊ दिवसांत मायक्रोसॉफ्टने त्या अटी मागे घेतल्या.

आता तुमच्या पंचांसाठी एक सूचना. नुसत्या चित्रफितीला गुण देऊ नयेत. २००५ साली सोनीने ‘किलझोन’ची अशी झकास फीत दाखवली, की लोक खुळावले. पुढे कळलं, तो चालता गेम नव्हताच. गेम असा दिसावा म्हणून आधीच बनवून आणलेली ती चित्रं होती. स्थळ दाखवताना स्टुडिओतला फोटो पाठवतात, त्यातलाच प्रकार. प्रत्यक्ष कोणी हातात घेऊन खेळलं असेल, तरच गुण.

डिसेंबर २०२३मध्ये हे प्रदर्शन कायमचं बंद झाल्याचं आयोजकांनी जाहीर केलं, म्हणजे नवे निकाल येणार नाहीत. जुने सांगतो, पोळ्या वाढता वाढता पोरांना वाचून दाखवा : १९९५ सोनी, २०१३ सोनी, तेही मायक्रोसॉफ्टच्या कृपेने. २००६ला पहिला नंबर निन्टेन्डोचा आणि उत्तेजनार्थ बक्षीस खेकड्याला.