पिशवीचा रिपोर्ट आणला का?

पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं की आमच्याकडे नातेवाइकांच्या हातात एक छोटी बाटली देतात. तिच्यात काढलेले खडे असतात. भेटायला आलेला प्रत्येक जण बाटली हलवून बघतो, "बापरे, एवढे!" म्हणतो आणि चहा पिऊन जातो. काढलेल्या पित्ताच्या पिशवीचं पुढं काय झालं, हे कोणी विचारत नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यात राहते. जेवण झालं की उजव्या बरगडीखाली दुखायचं. सोनोग्राफीत खडे दिसले, दुर्बिणीनं पिशवी काढली. सर्जन म्हणाले, "पिशवी तपासायला पाठवतो, त्याचे पैसे वेगळे लागतील." दीर म्हणाले, "काढून टाकलेली वस्तू तपासून काय करता?" यजमानांनी काही न बोलता पैसे भरले. टाके निघाले आणि रिपोर्ट आला : पित्ताशयाचा कॅन्सर.

सोनोग्राफीत हे दिसलं कसं नाही, याचा फार राग आला होता. पण खड्यांमुळे पिशवीची भिंत सुजून जाड झालेली असते आणि सुरुवातीचा कॅन्सर त्या सुजेत लपून जातो. खड्यांसाठी काढलेल्या शंभर पिशव्यांत एखादीतही तो क्वचितच निघतो, तेव्हा घरात कुणाला खडे आहेत म्हणून झोप उडवून घेऊ नका. आणि कुळथाचा काढा मुतखड्यासाठी पितात. पित्ताचे खडे त्यानं पडत नाहीत.

रिपोर्टमध्ये 'टी'पुढचा आकडा डॉक्टरांकडून समजून घ्या. टी१ए म्हणजे रोग आतल्या अस्तरापुरता. तेव्हा पिशवी पूर्ण निघाली असेल तर बहुधा तेवढं पुरतं. टी१बी म्हणजे स्नायूच्या थरात शिरलेला, टी२ म्हणजे त्याच्याही पुढं. अशा वेळी सीटी स्कॅन करून, रोग दूर पसरलेला नसेल तर दुसरं ऑपरेशन करतात. पिशवीला लागून असलेला यकृताचा भाग आणि आजूबाजूच्या लसिका गाठी काढतात. माझा टी२ होता. साधारण महिना-दोन महिन्यांत हे दुसरं ऑपरेशन व्हावं लागतं. 'सोयाबीन निघू द्या, मग बघू' म्हणायला जागा नसते.

नागपूरला गेलो तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न : पिशवी काढताना फुटली होती का? पित्त पोटात सांडलं तर त्यासोबत रोगाच्या पेशीही सांडू शकतात, दुर्बिणीच्या छिद्रांपाशीही रुजू शकतात. आम्हाला काय माहीत! पहिल्या सर्जनांनी ऑपरेशनची सविस्तर नोंद दिली होती, तीच कामी आली. पिशवी प्लास्टिकच्या थैलीत घालून अख्खी बाहेर काढल्याचं तिच्यात लिहिलं होतं. डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीनं पित्ताची पिशवी काढण्याचं देशातलं पहिलं ऑपरेशन केलं. आता ते दाढ काढण्याइतकं किरकोळ वाटतं, म्हणून कागद मागायचं कुणाला सुचत नाही. मागा.

पैशाची धास्ती असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं बसतात. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कॅन्सर रुग्णालय आहे. जाताना पिशवी तपासलेल्या लॅबमधून तिच्या काचेच्या पट्ट्या (स्लाइड) आणि मेणातले ठोकळे (ब्लॉक) सोबत न्या, ते पुन्हा तपासतात.

ज्यांची पिशवी निघाली आणि रिपोर्ट अजून हाती आला नाही, त्यांनी आधी दवाखान्यात जाऊन विचारा. तपासायला पाठवली असेल तर ते ठोकळे लॅबमध्ये बराच काळ जपून ठेवलेले असतात.