एका प्रत्ययाचे अंतर

शासकीय पत्रव्यवहाराच्या इंग्रजी मसुद्यांत 'कर्टेल', 'रिस्ट्रिक्ट' आणि 'रिड्यूस' ही क्रियापदे वरचेवर आढळतात. तिन्हींचा आशय कमी करण्याशी निगडित असल्यामुळे भाषांतरात त्यांची सरमिसळ होते. मराठीत मात्र या अर्थच्छटांसाठी निरनिराळे शब्द रूढ आहेत.

चालू असलेल्या गोष्टीचा काही भाग छाटणे म्हणजे 'कपात'. विधिमंडळातील 'कपात सूचना' हे त्याचे परिचित उदाहरण होय. ज्यापलीकडे जाता येत नाही अशी रेषा आखणे म्हणजे 'मर्यादा'. महाराष्ट्र शेतजमीन (जमीन धारणेची कमाल मर्यादा) अधिनियम, १९६१ याच्या नावातच तो शब्द आहे. आपोआप कमी होणे ही 'घट'. धरणाच्या साठ्यात घट होते, पुरवठ्यात कपात केली जाते. कपातीला कर्ता असतो. म्हणून कपातीच्या जागी 'पुरवठ्यात घट झाली आहे' असे लिहिणारे कार्यालय नकळत आपलाच निर्णय झाकून ठेवते.

याहून गंभीर चूक एका प्रत्ययाने घडते. वसई-विरार परिसराला सूर्या, उसगाव व पेल्हार येथील जलस्रोतांतून पाणी मिळते. पाणीकपातीची सूचना तेथे घरोघरी बारकाईने वाचली जाते. समजा, एखाद्या वस्तीला दररोज १ लाख लिटर पाणी मिळते. पुरवठा '२० टक्क्यांनी' कमी केला, तर ८० हजार लिटर उरतील. तो '२० टक्क्यांवर' आणला, तर उरतील केवळ २० हजार. इंग्रजीत 'बाय' आणि 'टू' एवढाच काय तो भेद. पण घाईने केलेल्या भाषांतरात 'पुरवठा २० टक्के करण्यात येत आहे' असे वाक्य उतरले, तर कोणी टँकर मागवील, तर कोणी निर्धास्त राहील.

मराठीतून कारभार चालावा, यासाठी १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६४ साली राजभाषा अधिनियम संमत झाला. त्यांचे सार्थक अखेर गावच्या सूचनाफलकावर ठरते. तेव्हा अशी सूचना लावण्यापूर्वी ग्रामपंचायत अधिकाऱ्याने वा लिपिकाने चार प्रश्न विचारावेत: किती कमी, किती उरणार, केव्हापासून केव्हापर्यंत, आणि कोणाच्या आदेशाने? शिक्षकांनीही हे उदाहरण वर्गात अवश्य घ्यावे. व्याकरण आणि गणित यांची एकत्र उजळणी होईल आणि फलक वाचणारे नागरिकही घडतील.